खुलेपणाचा अर्थ : ओपन सोर्सच्या जगातील स्त्री

वाशिम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंग या गावात मी संगणक शिकवते. गेल्या पावसाळ्यात बारावीतल्या एका मुलीने मला विचारलेल्या प्रश्नातून हा लेख निघाला आहे. मराठी टंकलेखनाच्या एका मोफत सॉफ्टवेअरमध्ये तिला चूक सापडली होती. 'शेतकऱ्यांचा' असा शब्द टंकला की त्यातला 'ऱ्य' बिघडून डोक्यावर रफार येई आणि 'शेतकर्यांचा' असे काहीतरी उमटे. वर्गातल्या इतरांनी 'संगणकच तसा आहे' म्हणून सोडून दिले. हिने दोन दिवस खटपट करून चूक कुठे आहे ते शोधले आणि दुरुस्तीही लिहिली. ती त्या सॉफ्टवेअरच्या कर्त्यांकडे पाठवायची होती. पाठवताना नाव द्यावे लागते. ती म्हणाली, "मॅडम, माहं नाव पुरं टाकू का नुसतं पयलं अक्षर टाकू?"

तिने हे विचारले, कारण मीच कधीतरी वर्गात माझी गोष्ट सांगून बसले होते. तिला लगेच उत्तर देता आले नाही. ते का देता आले नाही, याचा हिशेब येथे मांडते आहे.

प्रथम ओपन सोर्स म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण आपल्या कार्यकर्त्यांपैकी अनेकांना हा पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शिकलेल्यांचा खेळ वाटतो. विहिरीवरची मोटार जळाली की आपण ती वायंडिंगवाल्याकडे नेतो. तो ती खोलतो, तार बदलतो, पुन्हा बसवून देतो. उद्या कंपनीने मोटारीला असे झाकण लावले की ते उघडणे हाच गुन्हा, तर शेतकऱ्याला दर वेळी कंपनीच्या दारात उभे राहावे लागेल. बाजारातले पुष्कळसे सॉफ्टवेअर असे बंद झाकणाचे असते. ते ज्या लिखित आज्ञांपासून बनते तो सोर्स कोड कंपनी कुणाला दाखवत नाही. याविरुद्ध १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रॅमरने जीएनयू प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर वापरण्याचे, उघडून पाहण्याचे, बदलण्याचे आणि दुसऱ्याला देण्याचे स्वातंत्र्य सर्वांना असले पाहिजे, असा त्यामागचा विचार. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून तो सर्वांपुढे ठेवला, आणि जगभरच्या हजारो लोकांनी तो वाढवला. आज अनसिंगच्या आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बाईजवळचा अँड्रॉइड फोनही त्याच गाभ्यावर चालतो. 'ओपन सोर्स' हा शब्द त्यानंतरचा, १९९८ चा. तो सुचवला क्रिस्टीन पीटरसन या बाईने. आपल्याकडे बारशाला नाव आत्या ठेवते, आणि पुढे घराच्या, शेताच्या कोणत्याही कागदावर आत्याचे नाव सापडत नाही. इथेही तेच झाले. या चळवळीतल्या पुरुषांची नावे घडाघडा सांगणाऱ्यांना पीटरसनचे नाव बहुधा ठाऊक नसते.

ही कल्पना मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती मला आपलीच वाटली होती. ज्यांच्यापासून ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या कुलूपबंद ठेवले गेले, त्या घरातली मी. आई दुसऱ्याच्या शेतात निंदणाला जायची. मी अमरावतीला शिकले, पुण्यात सहा वर्षे नोकरी केली. तिथे कुणीतरी सांगितले की या जगात प्रमाणपत्र विचारत नाहीत, आडनाव विचारत नाहीत, फक्त काम बघतात. माझ्यासारखीला याहून मोठे आमिष ते कोणते?

परंतु 'खुले' या शब्दाच्या बाबतीत आपण सावध असले पाहिजे, कारण त्याचा अनुभव आपल्याइतका कुणाच्या गाठीशी नसेल. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. कागदावर तळे खुले होते. कुणी पहारेकरी नेमलेला नव्हता, 'येऊ नये' अशी पाटी नव्हती. तरीही पुढची तीन वर्षे एकाही अस्पृश्याला तिथे ओंजळभर पाणी घेता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले, त्यानंतर मंडपात मारहाण झाली, त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. खुलेपणा ठरावाने येत नाही. तळ्यापर्यंतची वाट कोणाच्या वस्तीतून जाते, काठावर कोण बसलेले आहे आणि आलेल्याकडे ते कोणत्या नजरेने बघतात, यावर तो ठरतो, हे महाडने आपल्याला शिकवले. ओपन सोर्सकडे मी या नजरेने बघते.

आता काठावर कोण बसले आहे ते पाहू. युरोपीय आयोगाच्या पैशातून झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की बंद झाकणाच्या व्यापारी सॉफ्टवेअर उद्योगात स्त्रिया सुमारे २८ टक्के होत्या, तर मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांत अवघ्या दीड टक्का. ज्या कंपन्यांना आपण नफेखोर म्हणतो तिथे दर चार माणसांत एक बाई, आणि स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्यांच्या गोटात शंभरात दोनसुद्धा नाहीत. अकरा वर्षांनी, २०१७ मध्ये, गिटहब या ओपन सोर्सच्या सर्वात मोठ्या जागेने पाहणी केली. उत्तर देणाऱ्यांत ९५ टक्के पुरुष होते, ३ टक्के स्त्रिया. आपल्याबद्दल साचेबंद शेरेबाजी झाल्याचे सांगणारे पुरुषांत २ टक्के होते आणि स्त्रियांत १२ टक्के.

यावर नेहमीचे उत्तर असे, की बायकांना या कामाची आवडच नसते. हे उत्तर इतिहासाला धरून नाही. १९४६ मध्ये अमेरिकेत जो एनिॲक संगणक जगापुढे आला, त्याच्यावर गणिते बसवण्याचे काम सहा स्त्रियांनी केले होते. त्या वेळी यंत्र बांधणे हे पुरुषाचे, मोठ्या मानाचे काम आणि त्याला कामाला लावणे हे कारकुनी, बायकी काम मानले जाई. पुढे या कारकुनी कामालाच मान आला, पैसा आला, आणि ते पुरुषांचे झाले. यासाठी अमेरिकेलाही जायला नको. जात्यावर दळत होती तेव्हा ती बाई होती. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा गिरणीवर पुरुष बसला आणि बाई डोक्यावर डबा घेऊन रांगेत उभी राहिली. दळण तेच होते.

हे सारे छंदाचे, फावल्या वेळचे प्रकरण आहे, त्यात कोण आले नि कोण नाही याने काय बिघडते, असेही कुणी म्हणेल. पूर्वी कदाचित तसे म्हणता आले असते. आज लिनक्सच्या गाभ्यावरचे बहुतांश काम कंपन्यांचे पगारी लोक करतात. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने गिटहब साडेसात अब्ज डॉलरला विकत घेतले. रेड हॅट ही कंपनी आयबीएमने ३४ अब्ज डॉलरला घेण्याचे त्याच वर्षी ठरले. पुण्यात नोकरीच्या मुलाखतीला गेलेल्या पोराला आज 'गिटहबवर काय काम दाखवतोस' असे विचारतात. म्हणजे ज्याला आपण हौस म्हणतो ती नोकरीची पहिली पायरी झालेली आहे. ही कामाची जागा आहे, आणि कामाच्या जागेला जे प्रश्न विचारायचे ते सर्व तिला विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न वेळेचा. फावला वेळ ही मालमत्ता आहे, आणि इतर मालमत्तेसारखीच तिची वाटणी झालेली आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीप्रमाणे घरचे बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसातला वेळ सरासरी २८९ मिनिटे त्या कामात जातो, तर असे काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. फरक दिवसाला तीन तासांहून अधिक आहे. ज्याला 'केवळ आवडीपोटी रात्री जागून लिहिले' असे कौतुकाने सांगितले जाते, ते या तीन तासांत लिहिलेले असते. मी ज्या मराठी भाषांतराच्या गटात होते त्याची ऑनलाइन बैठक रात्री साडेआठला भरे. साडेआठला माझ्या घरी तव्यावर भाकर असते. मी वेळ बदलण्याचे सुचवले. कुणीही वाईट बोलले नाही. एक जण सौम्यपणे म्हणाला, ज्याला जमेल त्याने यावे, सक्ती कुणालाच नाही. सक्ती नाही, बंदी नाही. चवदार तळ्यावरही नव्हती.

दुसरा प्रश्न बोलण्याचा. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांची चर्चा ईमेलवरून, सर्वांसमक्ष होते. अनेक वर्षे तिथे शिवीगाळ ही कामाची रीत मानली जाई. चूक करणाऱ्याला चारचौघांत मूर्ख ठरवणे म्हणजे गुणवत्तेची राखण, असा समज होता. स्वतः टोरवाल्ड्स यात आघाडीवर होते. २०१३ मध्ये सेज शार्प यांनी, ज्यांनी यूएसबी ३ साठीचा लिनक्सचा ड्रायव्हर लिहिला होता, सर्वांसमोर त्यांना सांगितले की ही भाषा थांबवा. टोरवाल्ड्सनी नकार दिला. आपला स्वभाव असा आहे, खोटे सौजन्य जमणार नाही, असा त्यांचा सूर होता. शार्प यांनी पुढे ते काम सोडले आणि २०१५ मध्ये कारण जाहीरपणे लिहिले. २०१८ च्या सप्टेंबरात टोरवाल्ड्सनी स्वतःच माफी मागितली, काही आठवडे कामातून बाजूला झाले, आणि गाभ्याच्या प्रकल्पाने वर्तनाची नियमावली स्वीकारली. माफीची नोंद मी घेते. पण मधल्या पाच वर्षांत किती जणी दाराशी येऊन परत गेल्या असतील, त्यांची नोंद कुठल्याही वहीत नाही. न आलेल्यांचा हजेरीपट नसतो.

आपल्या वऱ्हाडातल्या ताराबाई शिंदे यांनी बुलढाण्याहून १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. बाईवर जे जे दोष लादता ते पुरुषात नाहीत काय, हे त्यांनी एकेक करून ताडून पाहिले. त्यांची रीत इथे लावून पाहावी. पुरुष तिखट बोलला तर 'स्पष्टवक्ता, दर्जाबाबत तडजोड न करणारा'. बाई तेच बोलली तर 'भांडकुदळ'. आणि बाई मऊ बोलली, 'मला वाटते येथे बहुधा चूक असावी' असे लिहिले, तर 'हिला स्वतःचीच खात्री नाही'. तोंड कसेही असो, माप तिच्याच अंगाला कमी पडते.

तिसरी गोष्ट कामाच्या उतरंडीची, आणि हिच्याबद्दल जरा थांबून बोलले पाहिजे. सॉफ्टवेअर नुसत्या कोडने चालत नाही. ते कसे वापरावे हे लिहावे लागते, ते इतर भाषांत आणावे लागते, चुका नोंदवाव्या लागतात, नवख्यांच्या शंकांना उत्तरे द्यावी लागतात, संमेलने भरवावी लागतात. ही कामे पुष्कळदा स्त्रियांकडे येतात आणि श्रेयाच्या वहीत तळाशी जातात. ज्याने चार ओळींचा कोड लिहिला तो 'योगदानकर्ता'. जिने चार हजार वाक्ये मराठीत आणली ती 'मदत करणारी'. ते काम न केले तर अनसिंगच्या मुलीला ते सॉफ्टवेअर उघडताच येणार नाही, ही साधी गोष्ट कुणी मोजत नाही. काम करणाऱ्याच्या दर्जावरून कामाचा दर्जा ठरवायचा, आणि मग त्या कामावरून करणाऱ्याला पुन्हा खाली ढकलायचे, हे चक्र या नियतकालिकाच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

आता माझी गोष्ट. मी ज्या सॉफ्टवेअरचे मराठीकरण करत होते त्यात एक संदेश होता : अमुक गटातून 'बाहेर पडला'. बाई बाहेर पडली तरी 'पडला'. इंग्रजी क्रियापदाला लिंग नसते, मराठीला असते, आणि भाषांतर करणाऱ्याने न विचारता पुरुष धरून चालले होते. 'वापरकर्ता' हा शब्दही तसाच. मी सुचवले की 'अमुक यांनी गट सोडला' असे करावे. यात कुणाचेच लिंग धरावे लागत नाही. तपासणाऱ्याने ते नाकारले. 'पुल्लिंग हे सर्वसमावेशक असते, व्याकरण पाहावे' असा शेरा आला. मी पुन्हा लिहिले, विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो त्यात सदस्याच्या लिंगाप्रमाणे वाक्य बदलण्याची सोय आहे, तेव्हा हा प्रश्न माझ्या डोक्यातून निघालेला नाही. उत्तर आले नाही. पुढच्या महिन्यात मी एका ठिकाणी 'डिलीट'साठी 'खोडा' आणि दुसरीकडे 'मिटवा' असे दोन पर्याय दिले. त्यावर शेरा होता की ही भाषा गावठी वाटते, मॅडमनी प्रमाण मराठी वापरावी. 'मॅडम' या शब्दाचा तिथे झालेला वापर मला अजून आठवतो. वर्गातली मुले मला मॅडमच म्हणतात. तिथे तो शब्द मला दाराबाहेर उभा करत होता.

'अशुद्ध' म्हणून आपल्या लेखकांची हस्तलिखिते परत आली, त्याला पन्नास-साठ वर्षे झाली. मला वाटले होते संगणकात तरी हा सोवळेपणा नसेल.

मग मी एक गोष्ट केली, जिचा मला अभिमान नाही. दुसऱ्या एका प्रकल्पात मी नुसती आद्याक्षरे लावून खाते उघडले. आडनाव काढले, पहिले नाव काढले. त्या खात्यावरून पाठवलेल्या सूचना एकामागून एक स्वीकारल्या गेल्या. कुणी 'सर' म्हणून आभारही मानले. यावरून सिद्धांत मांडण्याचा मोह मी टाळते. प्रकल्प वेगळा होता, माणसे वेगळी होती, मधल्या काळात माझे कामही सुधारले असेल. परंतु मोठ्या प्रमाणावर हीच गोष्ट तपासली गेलेली आहे. अमेरिकेतल्या संशोधकांच्या एका गटाने गिटहबवरच्या लाखो सुधारणा तपासून २०१७ मध्ये निष्कर्ष छापले. एकंदरीत पाहता स्त्रियांच्या सुधारणा पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात स्वीकारल्या जात होत्या, सुमारे ७९ टक्के विरुद्ध ७५. म्हणजे स्त्रियांचे काम कमअस्सल होते असे म्हणायला जागाच उरत नाही. पण प्रकल्पात नवख्या असलेल्यांचा भाग वेगळा काढला तेव्हा दुसरे चित्र दिसले. खात्यावरून बाई आहे हे ओळखू येत नव्हते तेव्हा स्वीकाराचे प्रमाण ७२ टक्क्यांच्या आसपास होते. ओळखू येत होते तेव्हा ते ६२-६३ वर आले. नाव-चेहरा दाखवणाऱ्या नवख्या पुरुषांचेही प्रमाण घसरले होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण त्यांची घसरण कमी होती. आतल्या, ओळखीच्या माणसांत मात्र हा फरक दिसला नाही. अन्याय उंबरठ्यावर होतो, आणि आत पोचलेले म्हणतात, आम्हाला तर कधी दिसला नाही.

नाव लपवले की काम भागते, मग लपवा, असा व्यवहारी सल्ला मला अनेकांनी दिला. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याच्या नोकरीवर गेले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. ते एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. विद्वत्ता तीच होती, वागणे तेच होते; फक्त नाव उघडे पडले. लपवलेल्या नावावर मिळालेली जागा ही जागा नसते, मुदत असते. शिवाय माझ्या त्या आद्याक्षरांच्या खात्यावर दीड वर्षाचे काम जमा झाले आहे, आणि ते मी माझे म्हणून कुठे दाखवू शकत नाही. 'सर'च्या नावावर गेले ते.

गुणवत्ता हा शब्द या जगात मंत्रासारखा वापरतात. इंग्रजीत 'मेरिटॉक्रसी' हा शब्द मायकेल यंग या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९५८ च्या आपल्या पुस्तकाने रूढ केला, आणि तो टिंगल म्हणून. गुणवत्तेच्या नावाखाली नवी सरंजामी कशी उभी राहील, याची ती उपहासकथा होती. पुढे लोकांनी उपहास विसरून शब्द तेवढा उचलला. गिटहबच्या कचेरीत तर या शब्दाचा गालिचा अंथरलेला होता. टीका झाल्यावर २०१४ मध्ये तो काढला. आपल्याकडे राखीव जागांच्या प्रत्येक वादात याच शब्दाने आपल्या पोरांना झोडपले आहे. अजंता सुब्रमण्यन यांनी २०१९ मध्ये आयआयटीवर लिहिलेल्या पुस्तकात दाखवले आहे की तिथे 'गुणवत्ता' ही जातीचेच नवे नाव कशी बनते. तेव्हा स्त्रीचा प्रश्न वेगळा आणि जातीचा वेगळा, असे कप्पे मी करू शकत नाही. शेरा लिहिणाऱ्याने 'मॅडम' आणि 'गावठी' हे दोन्ही शब्द एकाच ओळीत लिहिले होते.

हे कप्पे न करण्याचे कारण आणखी एक आहे. ओपन सोर्समधल्या स्त्रियांनी संघटित होऊन बरेच काही मिळवले. २००६ साली गनोम या प्रकल्पाला गूगलच्या उन्हाळी शिष्यवृत्तीसाठी १८१ अर्ज आले, त्यात एकही स्त्रीचा नव्हता. मग त्यांनी खास स्त्रियांसाठी तशीच योजना जाहीर केली, आणि शंभर अर्ज आले. कालपर्यंत 'बायकांना आवड नाही' म्हणणाऱ्यांची तोंडे त्या एका उन्हाळ्यात बंद व्हायला हवी होती. दाराशी 'तुम्हीही या' असे म्हणणारे कुणी नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. त्यातूनच पुढे आउटरीची ही योजना वाढली. ती घरी बसून करण्याच्या कामाला तीन महिने मानधन देते आणि अर्जदाराला विचारते की तुझ्या देशात, तुझ्या शिक्षणात तुला कोणत्या भेदभावाला तोंड द्यावे लागले. या प्रश्नाला आपली मुलगी जातीचे उत्तर देऊ शकते. मात्र मानधन देणारी अशी दारे फार थोडी आहेत, आणि भारतातल्या शहरी महिला-मेळाव्यांत मी जेव्हा गेले तेव्हा व्यासपीठावरच्या भगिनींना पुरुषी वर्चस्व पटकन दिसत होते, आडनावांची यादी दिसत नव्हती. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या सरकारी खात्याने सिस्को या कंपनीत दलित अभियंत्याला जातीवरून डावलल्याचा दावा दाखल केला. त्यातला दोन अधिकाऱ्यांवरचा वैयक्तिक भाग २०२३ मध्ये मागे घेण्यात आला. २०२२ मध्ये गूगलमध्ये ठरलेले थेनमोळी सौंदरराजन यांचे जातीवरचे व्याख्यान कर्मचाऱ्यांच्या विरोधामुळे रद्द झाले. ते ठरवणाऱ्या तनुजा गुप्ता यांनी नोकरी सोडली. संगणकाच्या जगात जात नसते, असे आता कुणी म्हणू नये.

आणि आपण? १९४२ च्या जुलैत नागपूरला दलित महिलांची परिषद भरली, हे आपण जयंतीला सांगतो. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक लिहायला १९८९ साल उजाडावे लागले, हे सांगत नाही. आपल्या शिबिरांतही ठराव लिहिणारे हात आणि पोळ्या लाटणारे हात वेगळेच असतात. तेव्हा टोरवाल्ड्सला बोल लावताना आपल्या मांडवाकडेही बघावे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते, कारण ती कार्यकर्त्यांच्या उपयोगाची आहे. राजस्थानातल्या साथीण भंवरीदेवींवर १९९२ मध्ये झालेल्या अत्याचारानंतर १९९७ चा विशाखा निकाल आला आणि त्यातून २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. म्हणजे शहरातल्या वातानुकूलित कचेरीतली बाई आज ज्या कायद्याच्या आधाराने तक्रार करते, तो एका खेड्यातल्या मागास जातीच्या बाईने किंमत मोजून मिळवून दिला आहे. या कायद्यात पगार न घेता, स्वयंसेवक म्हणून काम करणारी स्त्रीही येते, हे फार थोड्यांना माहीत असते. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते. अडचण अशी, की ओपन सोर्सला पुष्कळदा मालकच नसतो. तपासणारा एका देशात, संस्था दुसऱ्या देशात, आणि बाई अनसिंगमध्ये. अशा ठिकाणी प्रकल्पाची स्वतःची वर्तन-नियमावली आणि ती चालवणारी माणसे एवढाच आधार उरतो. म्हणून मुलींना मी आता एक गोष्ट शिकवते. कोणत्याही प्रकल्पात काम पाठवण्याआधी त्याची नियमावली वाचा, तक्रार कोणाकडे करायची ते नाव तिथे लिहिले आहे का ते पाहा, आणि गेल्या वर्षभरात नवख्यांना कशी उत्तरे दिली गेली ती चाळा. ती सगळी उघडी असतात. काठावर कोण बसले आहे हे आधी बघून घ्यावे, एवढी सोय या तळ्यावर आहे, महाडला नव्हती.

त्या बारावीतल्या मुलीबरोबर मी हेच केले. तिच्या घरी फोन एकच, तो भावाकडे असतो, म्हणून आम्ही शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेतल्या संगणकावर बसलो. प्रकल्पाला नियमावली होती. तक्रारीसाठी दोन नावे होती, त्यातले एक स्त्रीचे. जुनी उत्तरे बहुतेक सरळ होती, एक-दोन तुसडी. मी तिला माझ्या दोन्ही खात्यांचा हिशेब पुन्हा सांगितला, या वेळी आकड्यांसह, आणि म्हटले, हे सगळे ऐकून तूच ठरव. तिने थोडा वेळ विचार केला. मग पहिले नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तिन्ही टंकले. आडनाव टंकताना थांबली, माझ्याकडे पाहिले, आणि विचारले, "आईचं बी टाकता येते का?" त्या रकान्यात काहीही लिहिता येत होते. तिने आईचे नाव मध्ये घातले.

त्याला आता तीन आठवडे झाले. सुधारणा अजून तपासणीत आहे. ती रोज सुट्टीत येऊन बघून जाते.